बर्फ साठला तरी फ्रिज गार का होत नाही?

‘फ्रिजची मोटर सारखी चालू असते, तरी दूध नासते.’ जुन्या, एका दाराच्या फ्रिजबद्दल अशी तक्रार आली की आम्ही आधी फ्रीझर उघडून पाहतो. पुष्कळदा आत बोटभर जाड बर्फ साठलेला असतो.

बर्फ जास्त म्हणजे गारवा जास्त, असे आपल्याला वाटते. घडते उलटे. फ्रीझरच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीतील नळ्यांमध्ये एक द्रव उकळत असतो. त्यासाठी लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून शोषून घेतो. आता ॲल्युमिनियम हे बर्फाच्या सुमारे १०० पट चांगले उष्णतावाहक आहे. भुसभुशीत बर्फात तर हवाही अडकलेली असते. म्हणजे भिंतीवर आपण गोधडीच पांघरली!

हा बर्फ येतो हवेतील बाष्पापासून. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघाली, तर तेथून दमट हवा आत शिरते आहे. रबर साबणाच्या पाण्याने पुसा. तरीही फट राहिली तर बदला.

बर्फ सुरीने मात्र खरवडू नका. आम्ही घाईत एकदा तसे केले. ‘फुस्स’ असा आवाज झाला आणि फ्रिज कायमचा बंद पडला. निसटला तो आर-१२ वायू. ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारात त्याच्यावर निर्बंध आले होते.

त्यापेक्षा फ्रिज बंद करून फ्रीझरमध्ये गरम पाण्याचे पातेले ठेवा. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात. पातेलेभर पाणी किती बर्फ वितळवील? हे गणित वर्गात जरूर घाला.