परतीची गाडी लेट आहे: फलाटावरच्या समजुती आणि खरे नियम

मे महिन्यातला शेवटचा रविवार. कणकवली, कुडाळ, रत्नागिरी, चिपळूण, कुठल्याही फलाटावर जा. आंब्याच्या पेट्यांवर बसलेले चाकरमानी आणि त्यांची ठाम मतं हमखास भेटतील. 'तीन तास लेट झाली की पैसे परत.' 'पुढे भरून काढेल.' 'नाहीच आली, तर मागच्या गाडीत चढू.' यातल्या बहुतेक वाक्यांत थोडं तथ्य असतं, आणि घोळ होतो तो तेवढ्याच तथ्यावर विसंबल्यामुळे.

पैशांपासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. तीन तासांचा नियम आहे, पण ते तीन तास तुम्ही जिथे चढणार त्या स्थानकावर मोजले जातात. कुडाळला गाडी पावणेतीन तास उशिरा आली, तुम्ही चढलात आणि ठाण्याला उतरेपर्यंत उशीर पाच तासांवर गेला, तर या नियमाने एक रुपयाही मिळत नाही. उलट कुडाळलाच ती तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवास करायचाच नाही असं ठरवलंत, तर पूर्ण भाडं परत मिळतं. अट एवढीच की गाडी तुमच्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्याआधी ऑनलाइन तिकिटावर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा, किंवा खिडकीवरचं तिकीट खिडकीवर परत करायचं. लहान स्थानकांवर आरक्षणाची खिडकी रात्री उघडी नसते, हे आधी बघून ठेवलेलं बरं. गाडी डोळ्यांदेखत निघून गेली आणि मग फोन हातात घेतला, तर उशीर झाला असं समजा. 'बघू, घरी गेल्यावर भरू' म्हणणारे इथेच अडकतात.

'तत्काळचं तिकीट, म्हणजे पैसे गेलेच' हीसुद्धा सरसकट खरी गोष्ट नाही. कन्फर्म तत्काळ तिकीट आपणहून रद्द केलं तर काही मिळत नाही. पण गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल तर त्यावरही पूर्ण परतावा आहे. यातली मेख मात्र कोकणवाल्यांनी नीट समजून घ्यावी. जागा मिळावी म्हणून पुष्कळ जण तिकीट मडगावपासून काढतात आणि चढण्याचं स्थानक कुडाळ किंवा कणकवली टाकतात. तत्काळच्या बाबतीत उशीर मोजला जातो तो तिकीट जिथून काढलंय तिथला. मडगावहून गाडी दोन तास उशिरा निघाली आणि कणकवलीला चार तास उशिरा आली, तर फलाटावर कितीही वाद घाला, उपयोग नाही.

मागच्या गाडीत चढण्याचं म्हणाल, तर आरक्षित तिकीट त्या एकाच गाडीचं असतं. दुसऱ्या गाडीत ते दाखवलंत तर तुम्ही विनातिकीट, म्हणजे भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. आणि तिकीट काढताना घेतलेला ४५ पैशांचा विमा? तो अपघाताचा आहे: मृत्यू, अपंगत्व, इस्पितळाचा खर्च. उशिराशी त्याचा काडीचा संबंध नाही. गाडी रद्दच झाली तर ई-तिकिटाचे पैसे टीडीआर न भरता आपोआप परत येतात.

आता 'भरून काढेल' याबद्दल. रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर हा कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग. त्यातला रोहा-वीर हा ४६ किलोमीटरचा तुकडा सोडला तर तो बहुतांशी एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची तर कुणीतरी स्थानकात थांबायला हवं. वेळेवर धावणाऱ्या गाडीची प्रत्येक क्रॉसिंग आधी ठरलेली असते. एकदा ती तासभर मागे पडली की तिची ठरलेली वाट मोडते, आणि मग राजधानी असो, वंदे भारत असो, तिला जाऊ देण्यासाठी आपली गाडी बाजूला उभी राहते. म्हणून उशीर वाढत जातो. त्यावर पावसाळा आला की दरडींच्या धास्तीने वेग कमी ठेवणारं वेगळं वेळापत्रक लागू होतं. २०२४च्या जुलैत तर पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि पाठोपाठ खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळली, तेव्हा मार्गच ठप्प झाला होता.

तरीही 'भरून काढते' म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. शेवटच्या टप्प्यासाठी वेळापत्रकात थोडी सैल वेळ राखलेली असते, ती कामी येते. पण मुंबईच्या गर्दीच्या वेळी पनवेलच्या पुढे लोकलमधून वाट काढायची असेल तर तीही पुरत नाही.

मला विचाराल तर शेवटच्या दिवशी सकाळी आपली गाडी शोधू नका, तिची येणारी जोडी शोधा. पहाटे मुंबईहून सुटलेली जनशताब्दी दुपारी मडगावला पोचते आणि तोच रेक थोड्या वेळात परत फिरतो. सकाळी अकराला ती रत्नागिरीच्या आसपास किती मागे आहे ते रेल्वेच्या एनटीईएस ॲपवर दिसतं. दुपारचं जेवण सावकाश करायचं की आवरायला घ्यायचं, हे तिथेच ठरवता येतं. मात्र ॲपवरच्या 'दीड तास लेट'वर भरवसा ठेवून स्थानकावर दीड तास उशिरा जाऊ नये. तो अंदाज कमीही होतो.

विमानाचंही तसंच. उशिराचा मेसेज आला म्हणून मूळ वेळ विसरलात, तर काउंटर बंद झालेला सापडू शकतो. खाणंपिणं मागायचा हक्कही वेळेत चेक-इन केलेल्यालाच असतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार खाणंपिणं द्यावं लागतं. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यांतून निवड प्रवाशाची. मात्र निव्वळ उशिरासाठी रोख भरपाई आपल्याकडे नाही. '६०० युरो मिळतात' हे ऐकीव ज्ञान युरोपच्या नियमाचं आहे. पॅरिसहून मुंबईला येताना ते लागू पडू शकतं, गोव्याहून येताना नाही. आणि 'इथे तर लख्ख ऊन आहे, हे खोटं बोलतायत' असं म्हणण्याआधी आपलं विमान कुठून यायचंय ते बघावं. एकच विमान दिवसभरात अनेक फेऱ्या करतं. दिल्लीत सकाळी पडलेल्या धुक्याची झळ गोव्याला संध्याकाळीही बसते.

शेवटचा गैरसमज उलट टोकाचा आहे: 'रेल्वेविरुद्ध काही चालत नाही.' २०१६ साली अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास उशिरा पोचली आणि एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं. त्यांना टॅक्सीने जावं लागलं. ग्राहक मंचाने टॅक्सीचा खर्च, बुडालेलं आरक्षण आणि मनस्ताप यांपोटी भरपाई दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि सप्टेंबर २०२१मध्ये न्यायालयाने ती कायम ठेवली. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे रेल्वेने दाखवून द्यायला हवं, ते तिला जमलं नाही. दरड कोसळल्यावर हेच कारण रेल्वेला सहज दाखवता येईल, तेव्हा प्रत्येक उशिरावर खटला उभा राहात नाही. पण जिथे राहतो तिथे टॅक्सीची पावती, बुडालेलं तिकीट आणि ॲपवरच्या उशिराचा स्क्रीनशॉट लागतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि आधी विचारपूस करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.