गोठ्यातील वेल्डिंगकाम आणि यंत्राची पोच : रांजणगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

पुणे-अहिल्यानगर महामार्गावरील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी एका गणपतीचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. येथील औद्योगिक वसाहतीत फियाट, एलजी, व्हर्लपूल यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आले आणि या परिसराची दुसरी ओळख निर्माण झाली. मात्र वसाहतीच्या कुंपणापलीकडे ऊस, कांदा आणि दुग्धव्यवसाय हाच शिरूर व दौंड तालुक्यांतील ग्रामजीवनाचा आधार आहे. पूर्वीच्या लाकडी मेढींच्या गोठ्यांची जागा आता लोखंडी खांब, कैच्या व पत्र्याच्या शेडने घेतली असून तिच्या दुरुस्तीसाठी रॉड वेल्डिंगचे यंत्र आवश्यक ठरते. वीजजोडणी गोठ्याच्या एका टोकाला आणि तुटलेली गव्हाण दुसऱ्या टोकाला, ही नेहमीची अडचण होय. यंत्राची पोच सुरक्षितपणे कशी वाढवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन मार्ग :

पोच वाढविण्याचे मार्ग दोनच आहेत. यंत्र जागेवर ठेवून होल्डरची व परतीची केबल लांब करणे हा पहिला, आणि यंत्राला वीज पुरविणारी वायर लांब करून यंत्रच कामाजवळ नेणे हा दुसरा. दोहोंच्या मुळाशी ओहमचा नियम आहे. तार जितकी लांब व बारीक तितका तिचा रोध अधिक, आणि प्रवाह जितका मोठा तितकी दाबातील घट अधिक.

वेल्डिंग केबलचा हिशेब :

३.१५ मि.मी. जाडीच्या रॉडसाठी साधारणपणे १२० अँपिअर प्रवाह लागतो आणि आर्कजवळ सुमारे २५ व्होल्ट दाब असतो. काम ३० मीटर अंतरावर असेल तर प्रवाहाचा जाण्या-येण्याचा मार्ग ६० मीटर होतो. व्यवहारात परतीच्या मार्गाचा हिशेब बहुधा राहून जातो. तांब्याची केबल १६ चौ. मि.मी. असल्यास या अंतरात सुमारे ७.७ व्होल्ट खर्ची पडतात, ३५ चौ. मि.मी. असल्यास सुमारे ३.५ व्होल्ट. पहिल्या केबलमध्ये ९०० वॅटहून अधिक शक्ती नुसती उष्णता होऊन जाते, म्हणजे आर्कला मिळणाऱ्या शक्तीच्या जवळजवळ एक-तृतीयांश. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असल्याने स्वस्त ॲल्युमिनियम केबल घेताना जाडीही त्याच प्रमाणात वाढवावी लागते.

जुन्या ट्रान्सफॉर्मर यंत्रात अशा घटीमुळे प्रवाह कमी होतो, रॉड चिकटू लागतो आणि जोड वरवर भरलेला दिसूनही आतून कच्चा राहतो. पावसाळी वाऱ्यात पत्रा उचलला जातो तेव्हा या कच्च्या जोडाची परीक्षा होते. इन्व्हर्टर यंत्र आपल्या क्षमतेपर्यंत ही घट भरून काढते. पण केबलचे तापणे त्यालाही टाळता येत नाही.

पुरवठ्याच्या वायरचा हिशेब :

हेच काम करणारे सिंगल फेज इन्व्हर्टर यंत्र २३० व्होल्टवर साधारण २० ते २५ अँपिअर प्रवाह घेते. ३० मीटर लांबीच्या ४ चौ. मि.मी. तांब्याच्या वायरमध्ये २२ अँपिअरला सुमारे ५.७ व्होल्ट घटतात, म्हणजे अडीच टक्के, १.५ चौ. मि.मी. वायरमध्ये हीच घट १५ व्होल्टवर जाते. गावातील दाब मुळातच कमी असेल तर यंत्र बंद पडते. शिवाय घरगुती १६ अँपिअरचे सॉकेट या प्रवाहासाठी अपुरे असून ३२ अँपिअरचे इंडस्ट्रियल सॉकेट व त्याला साजेसा मंजूर भार आवश्यक आहे.

तांब्याच्या खर्चाचा विचार करता हा मार्ग स्वस्त आहे. धोका मात्र वेगळा आहे. शेणामुताने ओल्या जमिनीवर पसरलेली २३० व्होल्टची वायर जनावराच्या खुराखाली आली, तर क्षणात जीव जाऊ शकतो.

परतीच्या मार्गाचा प्रश्न :

याहून दुर्लक्षित बाब म्हणजे परतीच्या केबलऐवजी शेडच्या लोखंडाचाच उपयोग करणे. क्लॅम्प शेडच्या खांबाला आणि जोड मात्र पंपाच्या पाइपावर अशी स्थिती झाली, तर दोहोंना जोडणाऱ्या बारीक अर्थिंग तारेतून शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि ती तार जळते. वेल्डर काम आटोपून निघून जातो. पंप चालूच राहतो. परंतु त्याचे संरक्षण नाहीसे झालेले असते. पुढे कधी मोटारीचे वेष्टन खराब झाले की पाण्याला हात लावणाऱ्याला झटका बसतो, आणि त्याचे कारण कोणाच्याही ध्यानी येत नाही. म्हणून क्लॅम्प नेहमी जोडाच्या शेजारी, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावरच असावा.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पुरवठ्याच्या बाजूस जीवरक्षक आहे. परंतु यंत्राची वेल्डिंगची बाजू पुरवठ्यापासून विद्युतदृष्ट्या अलग असल्याने होल्डरकडून बसणारा झटका त्याला कळत नाही. रॉड लावलेला नसतानाही होल्डरवर बहुधा ६० ते ८० व्होल्ट दाब असतो. ओल्या गोठ्यात कोरडे हातमोजे, रबरी तळव्यांचे बूट व पायाखाली कोरडी फळी यांना पर्याय नाही. जनावरे आधी बाहेर बांधावीत. कडबा व वैरण किमान ११ मीटर दूर हलवावी आणि काम संपल्यावर तासभर ठिणग्यांवर लक्ष ठेवावे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जड ट्रान्सफॉर्मर यंत्र हलविणे कठीण असल्याने तेथे ३५ चौ. मि.मी. किंवा त्याहून जाड तांब्याच्या दोन्ही केबली लांब करणे योग्य ठरते. हलक्या इन्व्हर्टर यंत्रासाठी मात्र गोठ्याच्या दूरच्या टोकाला पाइपातून उंचावरून नेलेली कायमची तीन तारांची जोडणी, आरसीसीबी व सॉकेट बसवून वेल्डिंग केबल आखूड ठेवणे अधिक हिताचे आहे. पदार्थविज्ञानाच्या वर्गात फळ्यावर सुटणारे रोधाचे उदाहरण परिसरातील गोठ्याच्या मापांनी सोडविले गेले, तर शेतकरी कुटुंबातून आलेला विद्यार्थी ते ज्ञान त्याच दिवशी घरी घेऊन जाईल.