बॉनेटखाली हात घालताना

ऊसतोड सुरू झाली की सातारा-सांगली भागात रोज फिरणाऱ्या गाडीचं बॉनेट एकदा उघडून बघावं. पेटवलेल्या पाचटाची काळी राख वायपरखालच्या जाळीतून आत उतरलेली असते. उसाच्या तुऱ्याचा भुरा एसीच्या कंडेन्सरला चिकटून बसलेला असतो. कुठं ऑइल पाझरत असेल तर तिथं काळ्या मातीचा जाड थर धरतो. कास, महाबळेश्वरकडं हिंडून आलेल्या गाडीत हाच थर तांबडा दिसतो.

तासगावजवळ मामांच्या अंगणात आम्ही त्यांची गाडी साफ करायला घेतली. मामांचं अर्धं आयुष्य विहिरीवरच्या डिझेल इंजिनाबरोबर गेलेलं. इंजिन हा या मुलखाला परका विषय नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि साताऱ्याच्या कूपरच्या कारखान्यातही डिझेल इंजिनं बनत आली. त्या इंजिनांवर बादलीभर पाणी ओतलं तरी बिघडत नसे, कारण हँडल मारून चालू होणाऱ्या त्या यंत्रात भिजून बिघडेल अशी वायर जवळपास नव्हतीच. आताच्या गाडीत जागोजागी सेन्सर आहेत. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर ते आणखी वाढले. बादली भरायला निघालेल्या भाच्याला मामा म्हणाले, “आरं, जुनं इंजिन न्हाऊन निघायचं. हिला न्हाऊ घालू नको, नुसतं अंग पुसून घे.”

इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम भागावर गार पाणी पडलं तर सेन्सरच्या आतली चिनी माती तडकू शकते, शिवाय तेलकटपणा काढणारं डिग्रीझर जागेवरच वाळून डाग धरतं. किल्ली काढून घ्यायची, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवायची. पॉझिटिव्ह आधी सोडवली आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी वायरीच्या आसपास घरी हात घालूच नये, तिथला दाब जीवघेणा असतो.

पाण्याला अजून हातही लावला नव्हता, तेव्हा एअर फिल्टरचा डबा उघडला. कोपऱ्यात उंदरानं घर केलेलं. पोत्याचे दोरे, शेंगांची टरफलं, बॉनेटच्या आतल्या अस्तराचा कुरतडलेला कापूस. टॉर्च मारून पुढं बघत गेलो तर वायरींच्या जुडग्यात दोन वायरींचं प्लॅस्टिक खाल्लेलं आणि आतलं तांबं लखलखत होतं. सरळ पाइप लावला असता तर पाणी नेमकं त्या तांब्यावर गेलं असतं. वायरी इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्यायचं ठरलं आणि तो भाग कोरडाच ठेवला. उंदराची घाण कोरड्या ब्रशनं झाडायची नाही. मास्क, हातमोजे घालून, जंतुनाशकात भिजवलेल्या फडक्यानं उचलायची. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो, हे आपल्याकडं शेतात राबणाऱ्यांना नव्यानं सांगायला नको.

त्यानंतर अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इग्निशन कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबरबँड लावले. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याच्या जोडण्या सर्वांत आधी झाकाव्यात, कंपनीच्या वायरिंगइतक्या त्या बंदिस्त असतीलच असं नाही. रंगाचा इंचभर ब्रश घेऊन त्याच्या पत्र्याला इन्सुलेशन टेप गुंडाळला, म्हणजे पत्रा कुठं टेकत नाही. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर भागांवर न फवारता ब्रशवर घेतलं. इंजिनाच्या पट्ट्यावर मात्र त्याचा थेंब पडू द्यायचा नाही, पट्टा घसरून कुईकुई करतो.

ऑइलचा जुना थर ब्रश फिरेल तसा सुटत गेला आणि ओल्या फडक्यावर उतरला. फडकं पिळायचं, पुन्हा पुसायचं. बहुतेक काम इथंच संपतं. कंडेन्सर-रेडिएटरवरचा तुऱ्याचा भुरा तेवढा हलक्या धारेनं काढावा, तोही इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला. वॉशिंग सेंटरच्या जोरदार धारेनं त्या नाजूक पात्या वाकतात आणि हवा कोंडते.

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवट भुरा होता. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं लावला की तो फसफसून निघतो. मात्र सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाता कामा नये. टर्मिनल कोरडं करून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा.

काही ठिकाणी इंजिनाला डिझेल मारून देतात. मला ते अजिबात पटत नाही. डिझेलनं रबरी पाइप फुगतात, धूळ दुप्पट चिकटते आणि गरम एक्झॉस्टजवळ पेट घ्यायची भीती राहते ती वेगळीच. पेट्रोलचं तर नावच काढू नये. वरून चकाकीचा फवारा मारतात, तोही नको. जुनी गाडी विकत घेताना इंजिन आरशासारखं चकचकीत दिसलं तर गळती झाकली असावी, असा संशय घ्यावा.

पुरात बुडालेल्या गाडीला मात्र हे काहीच लागू नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. अशी गाडी किल्ली फिरवून चालू होते का बघणं हीच मोठी चूक ठरते. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ती टोचन करून गॅरेजलाच न्यावी.

तेलकट पाणी आम्ही घमेल्यात धरलं. ते विहिरीकडं जाणाऱ्या पाटात किंवा नदीत सोडायचं नाही. संगम माहुलीला काय आणि हरिपूरला काय, घाटावर गाडी धुणारे दिसले की जीव तळमळतो. त्याच पाण्यावर पुढची गावं जगतात.

पिशव्या काढल्या, बॉनेट तासभर उन्हात उघडं ठेवलं. वायरी जोडून झाल्यावर आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह जोडून गाडी चालू केली. डॅशबोर्डवरचे दिवे विझले, आवाज एकसारखा. आठवड्यानं मामांचा फोन आला. टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यात ताज्या ऑइलची ओल दिसत होती, पॅकिंग बदलून घ्यायला ते गाडी मेस्त्रीकडं नेत होते.