पाठकोऱ्या कागदांवरचा चित्रकलेचा तास

कचेरीत वापरून झालेले छापील फॉर्म, पुड्यांचे कागद, रद्दीतले तक्ते. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्या चित्रकलेच्या तासाला लागणारं साहित्य असं जमेल तिथून गोळा होई. मुलं पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढत, नाहीतर फॉर्मच कातरून त्यांची कोलाजं चिकटवत. हा वर्ग भरायचा तेरेझिनमध्ये, नाझींनी ज्यूंसाठी केलेल्या कोंडवाड्यात.

तेरेझिन हे प्रागच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवरचं, अठराव्या शतकातलं तटबंदीचं गाव. १९४१च्या अखेरीपासून युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार ज्यू तिथे डांबले गेले. त्यांतले ३३ हजारांच्या आसपास तिथेच भुकेने आणि रोगराईने गेले. जवळजवळ ८८ हजारांना आगगाड्यांत कोंबून पुढे ऑशविट्झसारख्या छावण्यांकडे धाडलं गेलं. फ्रीडल तिथे आल्या डिसेंबर १९४२मध्ये. मूळच्या व्हिएन्नाच्या. चित्रकार योहानेस इटेन यांच्या शिष्या, आणि त्यांच्या पाठोपाठ वायमारच्या बाऊहाउस या कलाशाळेत शिकलेल्या. तेरेझिनमध्ये मुलांना रीतसर शिकवायला बंदी होती, पण चित्रं काढणं चालवून घेतलं जाई. बाईंनी त्या फटीत पूर्ण शाळा बसवली.

इटेनकडे शिकलेलं त्यांनी इथे वापरलं. ठेका धरायचा आणि त्या तालावर मुलांनी रेघा ओढायच्या. व्हर्मीरच्या चित्राची छापील प्रत समोर ठेवून आकार ओळखायचे. साध्या वस्तू टेबलावर मांडून त्या नीट पाहायच्या. आणि चित्र झालं की त्यावर स्वतःचं नाव लिहायचं, हा आग्रह. ज्या ठिकाणी माणसाला गाडीच्या यादीतला एक क्रमांक करून टाकलं होतं, तिथे दहा वर्षांची मुलगी पेन्सिलीने आपलं पूर्ण नाव टाकत होती.

६ ऑक्टोबर १९४४ला फ्रीडल यांना ऑशविट्झच्या गाडीत चढवलं गेलं. तिथे पोहोचल्यावर त्यांना मारण्यात आलं. जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. तेरेझिनमधल्या मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोग यांनी युद्धानंतर त्या सुटकेस प्रागला आणल्या. आज ही चित्रं प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत, आणि त्यांतली निवडक पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर मांडलेली आहेत.

खालच्या मजल्याच्या भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या जवळपास ८० हजार ज्यूंची नावं हाताने रंगवलेली आहेत. १९५०च्या दशकात लिहिलेली ही नावं पुढे ओल आल्याचं निमित्त होऊन इमारत बंद झाली तेव्हा पुसली गेली, आणि १९९०च्या दशकात पुन्हा लिहावी लागली. शाळेची सहल आली की मुलं आधी या भिंतींपाशी गोंधळतात, कारण ८० हजार नावं डोळ्यांत मावत नाहीत. मग वर जाऊन तीच नावं वेड्यावाकड्या बालअक्षरांत भेटतात. खालची यादी आणि वरची सही यांच्यामधला जिना हेच या प्रदर्शनाचं खरं शिक्षण, असं मला वाटतं. प्रेतांचे ढीग पाहून मुलं हादरतात, शिकत नाहीत. म्हणूनच जेरुसलेमचं याद वाशेम स्मारक काय, वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय काय, दोघांचाही शिक्षकांना सल्ला असतो की आकड्यामागचा एक माणूस दाखवा, आणि मुलांना या विषयात जपून नेऊन जपून बाहेर आणा.

जपण्याच्या नादात विषय गोडमिट्ट करून टाकण्याचा धोकाही मोठा. पावेल फ्रीडमन याची तेरेझिनमध्ये लिहिलेली फुलपाखरावरची कविता जगभर गाजली. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन ह्यूस्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने शाळांकडून १५ लाख कागदी फुलपाखरं जमवली, मारल्या गेलेल्या प्रत्येक मुलामागे एक. उपक्रम देखणा, हेतू चांगला. पण कवितेचा कर्ता लहान मूल नव्हता, २१ वर्षांचा तरुण होता, हे किती वर्गांत सांगितलं जात असेल? रंगीत कागद कातरण्यात तास संपतो आणि फुलपाखरू कुणाचं होतं, त्या माणसाला गाडीत कुणी चढवलं, का चढवलं, हे राहूनच जातं.

‘ब्रुंडिबार’चं याहून अवघड आहे. हान्स क्रासा यांची ही मुलांची संगीतिका तेरेझिनमध्ये २३ सप्टेंबर १९४३पासून ५५ वेळा झाली. आजारी आईसाठी दूध आणायला पैसे हवेत म्हणून भाऊ-बहीण बाजारात गातात, दांडगट बाजावाला त्यांना हुसकावतो, आणि चिमणी, मांजर, कुत्रा नि गल्लीतली पोरं मिळून त्याला पळवून लावतात. गोष्ट एवढीच. नटमंडळी मात्र सारखी बदलावी लागत, कारण गाणारी मुलं गाड्यांतून नेली जात. मग जून १९४४मध्ये रेड क्रॉसची मंडळी पाहणीला आली. त्याआधी घरांना रंग दिला गेला, बागा लावल्या गेल्या, गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात साडेसात हजार माणसांना ऑशविट्झला पाठवलं गेलं. आणि पाहुण्यांना दाखवलं काय? तर ‘ब्रुंडिबार’. पाहुणे समाधानाने परतले. त्याच शरद ऋतूत क्रासा आणि बरीचशी मुलं ऑशविट्झला गेली.

कलेने त्यांना आशा दिली, एवढंच सांगून थांबणारा शिक्षक अर्धीच गोष्ट सांगतो. तीच कला पडदा म्हणूनही वापरली गेली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे समजतं, आणि जाहिरातींच्या गराड्यात वाढणाऱ्या पिढीला तर ते जास्तच लागू आहे.

काही ठिकाणी मुलांच्या छातीवर पिवळी चांदणी लावून, त्यांना एका खोलीत कोंबून ‘अनुभव’ दिला जातो. संग्रहालयातली जाणकार मंडळी हे करू नका असं बजावतात, आणि ते योग्यच आहे. घंटा झाल्यावर डबा खायला जाणाऱ्या मुलाला त्यातून काय कळणार? ‘ब्रुंडिबार’ बसवणं वेगळं. तिथे कुणी बळीचं सोंग घेत नाही. त्या मुलांनी म्हटलेली गाणी ही मुलं म्हणतात, इतकंच.

आपल्याकडे नववीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात वर्षानुवर्षं नाझीवादावर प्रकरण राहिलेलं आहे, आणि पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर हिटलरचं ‘माइन काम्फ’ही विकायला असतं. पण या विषयात शिरायला आपल्याला एक जवळचं दार आहे, टागोरांचं ‘डाकघर’. वॉर्साच्या घेट्टोतल्या आपल्या अनाथालयात यानुश कोर्चाक यांनी हे नाटक १८ जुलै १९४२ला मुलांकडून करवून घेतलं. चार दिवसांनी घेट्टोतून गाड्या सुटू लागल्या. ऑगस्टच्या सुरुवातीला कोर्चाक आणि सुमारे २०० मुलं ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेली गेली.

शाळेत ‘डाकघर’ बसवायला एक खिडकी आणि एक खाट पुरते. शिक्षकांनी वॉर्सा पहिल्याच दिवशी सांगू नये. आधी मुलांना अमल, सुधा, दहीवाला आणि पहारेकरी यांच्यात रमू द्यावं, पाठांतर होऊ द्यावं, भांडणं होऊ द्यावीत. तालमी रंगल्या की एके दिवशी १८ जुलैची गोष्ट काढावी. पुढच्या तालमीत कुठलं वाक्य कसं म्हणायचं, ते मग मुलांवर सोडावं.