भाताच्या कोठींतला चोर

मनुष्याप्रमाणें वनस्पतींसहि रोग जडतात, हें सर्वश्रुत आहे; परंतु रोगजंतु वनस्पतीच्या शरीरांत शिरून नेमकें काय करतो, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. आपल्या नित्याच्या अन्नाशीं तिचा संबंध असल्यामुळें ती येथें थोडक्यांत देत आहों.

शेतकरी ज्यास ‘कडा करपा’ म्हणतात, तो भाताचा रोग जपानांत १८८४ सालीं प्रथम दृष्टीस पडला. भारतांतील त्याची पहिली नोंद १९५० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतूनच झाली. पानाच्या कडा पिवळ्या पडून वाळत जातात आणि दाणा पोचट राहतो. याचें कारण झँथोमोनास नांवाचा जंतु.

पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून किंवा जखमेंतून तो आंत शिरतो व पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत ठाण मांडतो. पेशींत तो स्वतः जात नाहीं. सुईसारखी एक सूक्ष्म नळी तींत खुपसून तो आपलीं प्रथिनें आंत सोडतो. त्यांतील कांहीं वनस्पतीची संरक्षणशक्ति दुबळी करतात. कांहीं थेट पेशीच्या केंद्रकांत जाऊन तेथील आनुवंशिक लिपींतील ठराविक अक्षरें ओळखतात व त्यांस चिकटतात. हीं अक्षरें तीं कशीं ओळखतात, याचा उलगडा २००९ सालीं झाला. परिणाम असा कीं, साखर पेशीबाहेर सोडणारीं द्वारें भराभर तयार होऊं लागतात. वनस्पति आपल्याच हातानें कोठीचें दार उघडते, आणि चोरास आयतें जेवण मिळतें!

मग उपाय कोणता? औषधें फवारून हा रोग आटोक्यांत येणें कठीण. परंतु भाताच्या कांहीं जातींत त्या अक्षरांतच निसर्गतः फरक असतो. प्रथिनास तेथें थारा मिळत नाहीं व दार बंद राहतें. आफ्रिकेंतील एका रानभातांत जंतूची चाहूल घेणारा गुण आढळला. त्याचें जनुक १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें. हैदराबाद येथील संशोधकांनीं हे दोन व आणखी एक, असे तीन गुण सांबा मसुरी या लोकप्रिय तांदुळांत संकरानें उतरविले. ती सुधारलेली जात २००८ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आली.

एक गुण असतां तीन कशास, असें कोणी विचारील. जंतुहि बदलत असतो. एका कुलपाची किल्ली त्यास कधींतरी सांपडते. तिन्ही एकदम सांपडणें दुर्घट.

ताटांत भाताचें शीतहि टाकूं नये, असें वडील माणसें सांगत आलीं. त्या शितामागें केवढा झगडा असतो, हेंहि मुलांस सांगावें.