संशय आणि निदान

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षे, 1894 मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला होता. म्हणजे रोगाचे कारण विज्ञानाला ठाऊक होते. पण आजारी माणसाचा नमुना घ्यायचा, तो तपासायचा आणि तपासणीचे उत्तर त्याच्या दाराशी परत आणायचे, अशी यंत्रणा कुठेच नव्हती. 1897 मध्ये साथ पुण्यात पसरली तेव्हा तपासणीचे साधन उरले ते शिपायांचे डोळे आणि हात. सोजिरांनी घरे झडतीला घेतली, काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते पाहिले, आणि ज्याचा संशय आला त्याला उचलून छावणीत नेले. 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपण राजकीय अंगाने वाचत आलो आहोत. तो निदानाच्या अंगानेही वाचावा, असे मला वाटते. जिथे निदान नसते तिथे कारभार संशयावर चालतो, आणि संशयाचा भार नेहमी दुबळ्यांवर पडतो.

याच्या उलट चित्र साठ वर्षांनी दिसले. 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले होते. आज आपण त्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. 1957 मध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलाच्या परिसरात, माकडे मरू लागली आणि माणसांना तीव्र ताप येऊ लागला. पहिली भीती पीतज्वराची होती. हा रोग भारतात कधीच आढळला नव्हता. तो शिरला असता तर बंदरांपासून खेड्यांपर्यंत हाहाकार उडाला असता. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी नमुन्यांतून विषाणू वेगळा केला आणि हा पीतज्वर नसून गोचिडींमार्फत पसरणारा नवाच आजार असल्याचे सिद्ध केले. एका प्रयोगशाळेच्या उत्तरामुळे उपायांचे लक्ष डासांवरून गोचिडीकडे वळले. हाच आजार 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात फैलावला. तिथले लोक त्याला माकडताप म्हणतात. जंगलात किंवा काजूच्या बागेत राबणाऱ्या माणसाला तो गाठतो.

मात्र एक नामवंत संस्था असली म्हणजे देश सुरक्षित झाला, असे होत नाही. ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. परदेशांनी विमाने बंद केली, माल अडवला. पण आजार प्लेगच आहे की दुसरे काही, हा वाद त्यानंतरही कित्येक महिने चालू राहिला, कारण सुरुवातीच्या दिवसांत जंतू वेगळा करून दाखवण्याची सोय पुरेशी नव्हती. त्या साथीतील जंतूंची जनुकीय ओळख पटवणारा हैदराबादच्या शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला तो 2000 साली.

उशिराची किंमत काय असते, ते एकाच विषाणूच्या दोन साथी शेजारी ठेवल्या की कळते. 2001 मध्ये पश्चिम बंगालमधील सिलिगुडीत मेंदूज्वरासारखी साथ आली. 66 रुग्णांपैकी 45 दगावले. तो निपा विषाणू होता, हे जतन केलेल्या नमुन्यांच्या अभ्यासातून 2006 मध्ये जगापुढे आले. मे 2018 मध्ये हाच विषाणू केरळातील कोळिकोड भागात उतरला. एकाच कुटुंबात दुसरा रुग्ण अत्यवस्थ झाल्यावर डॉक्टरांना शंका आली, नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेत गेले आणि पुण्याने निदानावर शिक्कामोर्तब केले. याला काही दिवसच लागले. मग कोण कुणाच्या संपर्कात आले याची यादी करता आली. त्या साथीतही 17 मृत्यू नोंदले गेले, पण पुढच्या वर्षी एर्नाकुळम जिल्ह्यात सापडलेला रुग्ण एकटाच राहिला आणि तो बरा झाला.

मग प्रयोगशाळा बळकट करायची म्हणजे काय करायचे? यंत्र ही यातली एकच कडी आहे. पहिली कडी नमुना घेणाऱ्या माणसाची. माकडतापासारख्या आजारात पहिल्या काही दिवसांत रक्तात विषाणू सापडतो. पुढे तो नाहीसा होतो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे दिसू लागतात. ताप कोणत्या दिवशी आला, हे अर्जावर लिहिलेच नाही, तर कोणती चाचणी करायची हे कळत नाही, आणि ‘निगेटिव्ह’ अहवाल फसवा ठरू शकतो. दुसरी कडी वाहतुकीची : नमुना तीन थरांत बांधून बर्फात, दोन ते आठ अंश तापमानात पोचायला हवा. तिसरी कडी गुणवत्तेची. प्रयोगशाळेला अधूनमधून उत्तर न सांगता नमुने पाठवायचे आणि तिचे निकाल पडताळायचे, ही जगभरची रीत आहे. चौथी कडी सर्वांत दुर्लक्षित : अहवाल तालुक्याच्या डॉक्टरकडे वेळेत परतणे. दहा दिवसांनी आलेल्या अहवालाचा उपयोग फक्त नोंदवहीला.

जानेवारी 2020 मध्ये देशातला पहिला कोरोना रुग्ण केरळात सापडला, तेव्हा त्याचा नमुना तपासला गेला पुण्यात. त्यानंतर दीड वर्षाच्या आत देशात दोन हजारांहून अधिक केंद्रांत ही चाचणी होऊ लागली. म्हणजे मनावर घेतले तर आपल्याला हे जमते. ‘ट्रूनॅट’ हे गोव्यातल्या कंपनीचे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र मुळात क्षयरोगासाठी पुढे आले आणि साथीत कोरोनासाठी वापरले गेले. क्षयरोगाच्या रोजच्या तपासणीसाठी जी यंत्रे आणि माणसे कामात असतात, तीच संकटात हाताशी येतात. साथ ओसरल्यावर यंत्रांवर कापड टाकले आणि कंत्राटी तंत्रज्ञांना घरी पाठवले, की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून या व्यवस्थेचे मोजमाप राजधानीतल्या इमारतीवरून करू नये. दोडामार्गच्या बागेतल्या मजुराला ताप आला, तर किती दिवसांत त्याच्या आजाराचे नाव त्याला आणि त्याच्या डॉक्टरला कळते, हे मोजावे. तो आकडा जितका लहान, तितका संशयाला वाव कमी.