वर्सोव्यापर्यंत आलं, बेडरूमपाशी अडलं

समुद्राखालून भारतात येणाऱ्या इंटरनेट केबलींपैकी बऱ्याच मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. बागेतल्या पाइपाएवढी जाडी, हजारो किलोमीटरचा प्रवास, डोक्यावर जहाजांचे नांगर. एवढं सगळं पार करून नेट कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलमधल्या राउटरपर्यंत येतं आणि शेवटच्या वीस फुटांत, बेडरूमच्या दाराशी, मान टाकतं. मधे एक भिंत, एक लोखंडी कपाट, कपाटावर आरसा. वायफायला एवढं पुरतं.

उपाय सोपा आहे: वायर ओढा. अडचण घरमालकांची आहे: “हे बघा, भिंतीला खिळासुद्धा नको.”

(घरमालकांवरून आठवलं. करार अकरा महिन्यांचा केला की नोंदणीची कटकट वाचते, असं अजून कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात. महाराष्ट्रात तसं नाही. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, लिव्ह अँड लायसन्स लेखी हवं आणि नोंदवलेलंच हवं. मुदत कितीही असो.)

तर वायर. या वायरीवर जी भाषा चालते तिचं नाव ‘ईथरनेट’, आणि ते नाव एका नसलेल्या गोष्टीवरून पडलंय. प्रकाश वाहून नेणारं ‘ईथर’ नावाचं माध्यम सगळीकडे भरलेलं आहे, असं एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानत. १८८७ साली मायकेल्सन आणि मोर्ली यांनी ते शोधायला जंग जंग पछाडलं. काही हाती लागलं नाही. पुढे २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी संगणक जोडायच्या आपल्या योजनेचं टिपण लिहिलं आणि तिला हे बाद झालेलं नाव देऊन टाकलं.

त्याहून गंमत म्हणजे, वायरीवरच्या या युक्तीचं मूळ बिनतारी आहे. हवाई बेटांवर १९७१ साली ‘अलोहानेट’ नावाचं रेडिओवर चालणारं जाळं सुरू झालं. त्याचा नियम असा: संदेश सोडून द्या, दोघं एकदम बोलले आणि टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. मेटकाफ यांनी ही कल्पना तारेवर आणली. आज घरातली तार या भानगडीतून सुटलीय, ती एकाच वेळी बोलते आणि ऐकतेही. वायफाय मात्र अजून ‘आधी तुम्ही, मग मी’ करत बसतं. शेजारच्या चार फ्लॅटांचे राउटरही त्याच रांगेत. तुमच्या मिटिंगमध्ये साहेबांचा चेहरा जांभई देता देता गोठतो, तो बऱ्याचदा त्यामुळे.

लॅनची वायर सोलून पाहा. आत आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. हा पीळ शोभेचा नाही. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली त्याचं पेटंट घेतलं होतं: दोन तारा एकमेकींभोवती गुंडाळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजा होऊन जातो. चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवतात, म्हणजे एकीची कुजबुज दुसरीला ऐकू जात नाही.

आता कामाची गोष्ट. शंभर एमबीपीएसला चारच तारा लागतात. निळी आणि तपकिरी जोडी नुसती बसून असते. हजारला आठही लागतात. म्हणून प्लॅन तीनशेचा आणि वायर लावूनही स्पीड टेस्ट ९४-९५ च्या पुढे सरकत नसेल, तर कंपनीला फोन करण्याआधी दाराच्या फटीत चेपलेली वायर बघा. आठातली एक तुटली असणार किंवा जॅक नीट मारलेला नसणार. जोडणी मुकाट्याने शंभरवर उतरते, तक्रार करत नाही.

दाराखालून जायला चपटी वायर मिळते. घ्या, पण ‘सीसीए’ लिहिलेली घेऊ नका. ती ॲल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. दोनदा वाकवली की राम म्हणते. लांबीची चिंता नको. नियमाप्रमाणे मर्यादा शंभर मीटर, म्हणजे आपल्या फ्लॅटला चार प्रदक्षिणा घालूनही उरेल. आणि एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक आधीच असतं. त्याबद्दल मालक काही बोलू शकत नाहीत.

विजेच्या प्लगातूनच नेट नेणारे ‘पॉवरलाइन’ अडॅप्टरही असतात. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर कोट्यवधी हर्ट्झची लहर स्वार करायची, असा मामला. खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका, हातात त्याच्यापेक्षा बरंच कमी येतं. स्पाइक गार्डमध्ये खोचला तर तो गार्ड लहरीला गोंगाट समजून गाळून टाकतो. दोन खोल्या दोन वेगळ्या फेजवर असल्या तर आनंदच. आणि स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी सुरू झाली की नेट खोकायला लागतं.

अमेरिकेत टीव्हीच्या जाड केबलमधून नेट फिरवतात, त्याला ‘मोका’ म्हणतात. आपल्याकडे भिंतीत तशी केबल असते, पण तिच्यात डिश टीव्हीचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झवर नांदत असतो आणि मोकालाही नेमकी तिथलीच जागा हवी. एका खाटेवर दोन पाहुणे. डिश बंद केली असेल तरच हा विचार करा.

सगळ्यात स्वस्त युक्ती मात्र पहिल्याच दिवशी करायची. फायबरवाला बसवायला आला की खोकं हॉलमध्ये टीव्हीखाली का लावू द्यायचं? काम जिथे करता तिथे लावायला सांगा, टीव्ही वायफायवर मजेत चालतो. त्या फायबरमध्ये प्रकाश धावतो तो काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केलं मूळच्या पंजाबातल्या मोगाच्या नरिंदरसिंग कपानी यांनी, १९६० साली. फायबरच्या कामाचं नोबेल २००९ मध्ये चार्ल्स काओ यांना मिळालं. कपानींना पद्मविभूषण मिळालं २०२१ साली, मरणोत्तर.

आणि पलंगामागे टेलिफोनचा जुना पॉइंट दिसला तर नाचा. त्यामागे हॉलपर्यंत जाणारा पाइप असतो. जुन्या वायरीला नवी बांधून ओढा. वायर नसेल तर एका टोकाला दोरा बांधलेला प्लास्टिकचा तुकडा, दुसऱ्या टोकाला व्हॅक्युम क्लीनर. अमेरिकेतल्या फर्मी प्रयोगशाळेने १९७१ साली लांबलचक पाइप साफ करायला दोरी बांधून फेलिशिया नावाची एक फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा पाळीव प्राणी, आत सोडली होती. करारात तुमच्या मालकांनी ‘पाळीव प्राणी नकोत’ हेही लिहिलेलं असेलच, तेव्हा व्हॅक्युम क्लीनर बरा.